माझं रिपेअरच लिहा

'सुधारणे' या क्रियापदाचं मराठीत फार नुकसान झालेलं आहे. "तू कधी सुधारणार?" हा प्रश्न ज्याला विचारतात, त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा नसते. 'सुधारलेली मंडळी' म्हणताना म्हणणाऱ्याचा ओठ हमखास एका बाजूला जातो. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला तेव्हापासून तो ओठ सरळ झालेला नाही. त्या पत्रातही इंग्रजी मजकूर असे आणि ती बाजू गोखले सांभाळत. म्हणजे सुधारणेला इंग्रजीचा टेकू लागतो, ही गोष्टही तेव्हाचीच. उरलंसुरलं काम सरकारी मराठीने केलं. 'सुधारित अंदाजपत्रक' म्हणजे खर्च वाढला. 'सुधारित वेळापत्रक' म्हणजे तुमची नेहमीची गाडी गेली. 'सुधारित परिपत्रक' म्हणजे पहिलं काढलं तेव्हा कुणी वाचलं नव्हतं.

तेव्हा काही चांगलं होणार आहे असं सांगायचं असलं, की आपण निमूटपणे इंग्रजीकडे वळतो. तिथे माल भरपूर आहे. इम्प्रूव्हमेंट आहे, डेव्हलपमेंट आहे, अपग्रेडेशन, रिनोव्हेशन, ब्युटिफिकेशन, मॉडर्नायझेशन, सगळं आहे. शाळेत हे सगळे समानार्थी म्हणून एका ओळीत पाठ करून घेतात. हे समानार्थी नाहीत, हे कळायला माणसाने कल्याणच्या पुढे कर्जत लाइनीवर राहायला यावं. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. चार स्टेशनं, आणि सुधारणेचा एकही इंग्रजी शब्द असा नाही जो इथल्या माणसाच्या अंगावरून गेलेला नाही. इथे शब्द चुकला तर व्याकरण बिघडत नाही, हिशोब बिघडतो.

'अपग्रेड' घ्या. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मध्य रेल्वेने दहा साध्या लोकल फेऱ्या काढून त्या जागी एसी लोकल सोडल्या. कागदावर बघाल तर निव्वळ अपग्रेड: थंड हवा, बंद दरवाजे, गाडीत आवाज नाही. असल्या बातमीवर परदेशात लोक टाळ्या वाजवतात म्हणे. बदलापूरकरांनी स्टेशन मास्तरांच्या कार्यालयापुढे गर्दी केली आणि आमची जुनी गाडी परत द्या म्हणून आवाज चढवला. तिकडे कळव्यातही तेच. आठवड्याभरात रेल्वेने त्या दहाही फेऱ्या मागे घेतल्या. अपग्रेड नको म्हणून आंदोलन करणारे आणि ते जिंकणारे लोक जगात किती असतील माहीत नाही. आमच्या डब्यात रोज भेटतात.

हे लोक थंड हवेच्या विरोधात नव्हते. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, उभ्याने, मे महिन्यात. थंड हवेला कोण नाही म्हणेल? पण त्याच वर्षी मे महिन्यात एसीचं एकेरी तिकीट निम्म्यापर्यंत उतरलं होतं आणि महिन्याचा पास मात्र होता तिथेच होता. एकेरी तिकीट काढून बदलापूरहून कोण जातं? लग्नाला जाणारे. रोजचा माणूस पासवाला. त्याच्या दृष्टीने संध्याकाळची ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेला कोपरा आणि तिथले ठरलेले चौघं एका फटक्यात गेले आणि त्याबदल्यात स्वतःहून लागणारा दरवाजा आला. दरवाजा लागतो हीच तर तक्रार होती. आपल्याकडे लोकलमध्ये माणूस मावतो तो दरवाजा लागत नाही म्हणून.

तेव्हापासून माझं मत असं आहे की 'अपग्रेड' हा शब्द ऐकला की आधी विचारावं, जुनं कुठे गेलं? मोबाइल कंपनीपासून गॅस शेगडीवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारावं.

'इम्प्रूव्हमेंट' हा त्यामानाने वयस्क शब्द. मुंबईत तो आला तो प्लेगच्या पाठोपाठ. १८९६ मध्ये साथ आली आणि १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, हवा खेळती केली. वस्तीत राहणारे लोक त्या खेळत्या हवेबरोबर कुठे गेले, याची चर्चा पुढे पुष्कळ झाली. 'इम्प्रूव्हमेंट'ची ही संकटापाठोपाठ येण्याची सवय अजून गेलेली नाही. आयसीयूबाहेर येऊन डॉक्टर "थोडी इम्प्रूव्हमेंट आहे" म्हणाले, की नातेवाईक गावच्या लोकांना फोन लावायला घेतात. प्रगतिपुस्तकात 'नीड्स इम्प्रूव्हमेंट' आलं की बाप चष्मा पुसतो. बोर्डाने मार्क वाढवायला पुन्हा परीक्षेला बसायच्या सोयीला 'श्रेणीसुधार योजना' असं भारदस्त नाव दिलं आहे; पण पोरं एकमेकांना "इम्प्रूव्हमेंटला बसलाय" एवढंच सांगतात, तेही आवाज उतरवून.

'डेव्हलपमेंट' आलं १९२० मध्ये, गव्हर्नर लॉइडसाहेबांच्या काळात. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. यांच्या आराखड्यांत समुद्र हटवणं होतं, चाळी होत्या आणि आमचं अंबरनाथही होतं, कारखान्यांची वसाहत म्हणून. समुद्राचं प्रकरण गाजलं आणि अंगाशी आलं. चाळी मात्र उभ्या राहिल्या, बीडीडी चाळी, १६० चौरस फुटांची खोली. शंभर वर्षं लोक त्यात राहिले, आणि आता त्या पाडून टॉवर होताहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या रहिवाशांना ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. डेव्हलपमेंट खात्याच्या चाळींचं रिडेव्हलपमेंट. इंग्रजीला यात काही वावगं वाटत नाही. मराठीत 'विकासाचा पुनर्विकास' म्हणून बघा, बोलणाराच मध्ये थांबतो.

कायद्यात तर डेव्हलपमेंटची आणखी मजा आहे. नगररचनेचा १९६६ चा कायदा काढून व्याख्या वाचा. इमारत बांधणं म्हणजे डेव्हलपमेंट. इमारतीच्या वापरात मोठा बदल करणं म्हणजे डेव्हलपमेंट. आणि असलेली इमारत पाडणं, तेही डेव्हलपमेंटच. बांधा, पाडा, काहीही करा, तुम्ही विकासच करत असता. या कायद्याच्या तावडीतून सुटायचं तर नुसतं बसून राहायला हवं, आणि तेही आपल्याच जागेत.

याचा पूर्ण फायदा कुणी घेतला असेल तर तो उल्हासनगरने. मुळात कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प. महायुद्धातल्या सैनिकांसाठी बॅरेकी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, त्यांना त्या बॅरेकी दिल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारी यांच्या हस्ते गावाचं बारसं झालं, नाव उल्हासनगर. ज्यांचं सगळं सिंधमध्ये राहिलं त्यांच्या वसाहतीला हे नाव द्यायला छाती लागते. पण सिंधी माणसाने ते नाव खरं करून दाखवलं. अजूनही पत्त्यात बॅरेक नंबर लिहितात आणि प्रत्यक्षात तिथे पाच मजले असतात. बॅरेकीची भिंत पक्की झाली, मग पुढे ओटा आला, ओट्यावर दुकान आलं, दुकानावर खोली, खोलीवर भाचा. प्रत्येक पायरी सुधारणाच होती. परवानगी तेवढी घ्यायची राहिली.

मग एकदा उच्च न्यायालयाने ८५५ बेकायदा इमारती पाडायला सांगितलं आणि गावाची झोप उडाली. यावर तोडगा म्हणून २००६ मध्ये विधिमंडळाने खास उल्हासनगरसाठी कायदा केला. त्याच्या नावात दोन शब्द शेजारी शेजारी बसलेत, 'अनऑथराइज्ड' आणि 'डेव्हलपमेंट्स'. बेकायदा असेल, पण विकासच! आणि त्यावरचा उपाय, 'रेग्युलरायझेशन'. सगळ्या सुधारणांमध्ये हा शब्द मला सर्वांत देखणा वाटतो. यात इमारतीची एक वीटही हलत नाही. पिलर तोच, लोखंड तेच, रेती तीच. दंड भरायचा, कागद सुधारायचा. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात लागोपाठ दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं गेली. त्यानंतर पुन्हा समित्या, पुन्हा नियमित करण्याच्या चर्चा. स्लॅबला कागद वाचता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. फाइलमध्ये मात्र तो शेरा कुणी मारत नाही.

गंभीर होण्याआधी उल्हासनगरच्याच पाच नंबर कॅम्पात जाऊ. इथे जीन्सचा धंदा. आणि इथे सुधारणेची जी पद्धत आहे ती कुठल्याही इंग्रजी शब्दकोशात बसत नाही. कोरी करकरीत, गडद निळी पँट येते. एक पोऱ्या ती लाकडी फळीवर ताणतो आणि मांडीच्या जागी सँडपेपरने घासायला घेतो. घासतो, वर उचलून ट्यूबलाइटपुढे धरतो, मान हलवतो, आणखी घासतो. दुसरा गुडघ्यावर ग्राइंडर टेकवून दोन सेकंदात भोक पाडतो, मग त्यातले पांढरे धागे नखाने ओढून काढतो, एखादी आजी वाती वळताना काढते तितक्या मन लावून. या कामाला तिथे 'डॅमेज' म्हणतात. डॅमेजचा दर वेगळा. जास्त डॅमेज, जास्त पैसे. डॅमेज नीट झालं नाही तर माल परत येतो, 'पीस खराब आहे' म्हणून.

हे बघितल्यावर 'व्हॅल्यू अॅडिशन' या शब्दाचा अर्थ मला एकदम कळला. वालधुनी नदीला त्याचा अर्थ आधीच कळला होता. जीन्सचा रंग धुणाऱ्यांनी कित्येक वर्षं तिला वेगवेगळ्या छटा आणून दिल्या.

या गावाने आणखी एक सुधारणा देशाला दिली. ती म्हणजे 'मेड इन यूएसए', अर्थात उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हा विनोद मी लहानपणी ऐकला, माझ्या मुलाने त्याच्या लहानपणी ऐकला, आणि दोन्ही वेळा सांगणारा तो नुकताच सुचल्यासारखा सांगत होता. पण आता 'डुप्लिकेट' हा शब्द तिथे कुणी वापरत नाही. 'फर्स्ट कॉपी' म्हणतात. घड्याळ तेच, शब्द सुधारला आणि दोनशे रुपये वाढले. "ओरिजिनलपेक्षा भारी आहे साहेब, ओरिजिनलला गॅरंटी कुठे असते?" यावर काय बोलणार?

आता अंबरनाथ. इथे शब्द निवडायचं काम माझ्यावरच आलं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आमच्या सोसायटीची इमारत तीस वर्षं ओलांडून गेलेली. उपविधीप्रमाणे तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. ते झालं होतं आणि अहवालात पान दोनपासून पुढे सगळे फोटो भेगांचे होते. विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस काढायची होती. सेक्रेटरी म्हणाले, "विषय काय लिहू? तुम्ही लिहिता-बिहिता, तुम्हीच सांगा. इमारत सुधारणे, असं लिहू?"

"नको," खजिनदार म्हणाले, "त्याने कोण येणार? लोकांना वाटेल तुम्ही त्यांनाच सुधारायला बोलावताय."

"मग 'रिपेअर' लिहा."

रिपेअर म्हटलं की प्रत्येक सभासदाच्या खिशातून पैसे. नोटिशीत 'मेजर रिपेअर' लिहिलं त्या वर्षी सभेला सात जण आले होते आणि त्यातले तीन चहाला थांबले नव्हते. म्हणून बी विंगमधल्या वहिनींनी 'रिनोव्हेशन' सुचवला. शब्द छान आहे, पण त्यात एक संशय दडलेला असतो. रिनोव्हेशन म्हटलं की कुठेतरी टाइल्स येतात, आणि टाइल्स आल्या की कमिटीतल्या कुणाच्या तरी बाथरूमलाही त्याच टाइल्स लागलेल्या सापडतात. सेक्रेटरींनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी छताकडे पाहिलं. छताचे पोपडे निघालेले होते.

"'ब्युटिफिकेशन'?" कुणीतरी म्हणालं. ते चौकातल्या कारंज्यांसाठी असतं, इमारतीसाठी नाही. त्यात एकदा उद्घाटन होतं आणि पुढे पाणी येत नाही.

मग तो शब्द आला. कोण बोललं कळलं नाही, पण खोलीतली हवा बदलली. 'रिडेव्हलपमेंट'.

या शब्दाची ताकद बघायची असेल तर तो नुसता नोटिशीत घालून बघा. कधी तोंड न दाखवलेले सभासद उगवतात. पुण्याहून येतात, एक जण दुबईहून व्हिडिओ कॉलवर येतो. ज्या फ्लॅटचा मेंटेनन्स दोन वर्षं थकलेला, त्याचा मालक सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर. दोन भावांचा वाद असलेल्या फ्लॅटकडून दोन भाऊ आणि दोन वकील. कारपेट किती वाढवून देणार, कॉर्पस किती, भाडं किती, शिफ्टिंगचे वेगळे की त्यातच? पूर्वी पाऊण सभासद तयार लागत. २०१९ च्या शासन निर्णयाने ५१ टक्क्यांवर आणलं. म्हणजे उरलेल्या ४९ टक्क्यांचीही सुधारणा आपोआप होते, त्यांची इच्छा असो नसो.

तळमजल्यावरच्या आजी इतका वेळ दारात उभ्या होत्या. घरात पाण्याची वेळ झाली होती, नळ सोडून आल्या होत्या, म्हणून बसल्या नव्हत्या.

"ते पाडून बांधायला किती वर्षं लागतात रे?" त्यांनी सेक्रेटरींना विचारलं.

"तीन म्हणतात, आजी."

"म्हणतात तीन. म्हणजे पाच." त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "मी चौऱ्याऐंशीची आहे. तुम्ही तुमचं काय ते इंग्रजी लिहा. माझं रिपेअरच लिहा."

आणि नळ बंद करायला निघून गेल्या.

शेवटी नोटिशीत मी 'इमारतीच्या अपग्रेडेशनबाबत विचारविनिमय' असं लिहिलं. याचा अर्थ कुणालाच कळला नाही, त्यामुळे हरकत कुणीच घेतली नाही, गणसंख्या पूर्ण झाली आणि विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात आला. सहकाराच्या दृष्टीने सभा यशस्वी.

बदलापूर मला या तिघांत सर्वांत प्रामाणिक गाव वाटतं, निदान नावाने. शिवकाळात इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असं लोक सांगतात. थकलेला घोडा सोडायचा, ताजा घ्यायचा, पुढे निघायचं. त्यात इम्प्रूव्हमेंटचा दावा नव्हता, फक्त घोडा बदलला एवढंच. आता बिल्डरांच्या फलकांवर 'लाइफस्टाइल अपग्रेड' असतं. कात्रप, मांजर्ली, बेलवली, जिकडे बघाल तिकडे एक गोरं कुटुंब हिरवळीवर हसत असतं. त्यातल्या बापाच्या पायात बूट नसतात. बदलापूरच्या जुलै महिन्यात बूट न घालता हिरवळीवर उतरणारा बाप अजून प्रत्यक्षात दिसायचा आहे. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असंही असतं. ती पाच मिनिटं कुणाची, हे छोट्या अक्षरांतही नसतं.

पण फलकावर हसून चालणार नाही, कारण त्यामागे खरं गणित आहे. लालबागची दहा बाय बाराची खोली विकायची, भावांत वाटे करायचे, आणि आलेल्या हिश्शात बदलापूरला वन बीएचके घ्यायचा. स्वतःचा संडास घरात. खिडकीतून डोंगर. आईला पहिल्यांदा वेगळं देवघर. हे अपग्रेड नाही असं कोण म्हणेल? त्याच दिवशी झोपेतले दोन तास कायमचे गेले आणि पोरगं बापाला रविवारचं ओळखू लागलं, हेही तितकंच खरं. इंग्रजीत या दोन्हीला मिळून एकच शब्द असता तर मी तो फलकावर लावायला सांगितला असता. रोज सकाळी फलाटावर उभे राहणारे लोक त्याला 'सेटल झालो' म्हणतात. एक पाय डब्यात, एक बाहेर, आणि सेटल.

रेल्वेही मागे नाही. कल्याण–बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका मंजूर आहे, स्टेशनांवर 'इम्प्रूव्हमेंट'ची कामं चालू असतात, पलीकडे शहाडला 'अमृत भारत' स्थानक योजना लागलीय. आणि हे सगळं रविवारी ब्लॉक घेऊन करायचं असल्यामुळे, ज्या एका दिवशी माणूस मोकळा असतो त्या दिवशी त्याला सुधारणेसाठी घरीच बसवतात. त्या मानाने ही सगळ्यांत आरामशीर सुधारणा.

आता इतकं सगळं बोलल्यावर अंबरनाथच्या शिवमंदिराबद्दल न सांगणं बरं नाही. १०६० सालचं, शिलाहारांचं, वालधुनीच्या काठावरचं. इथल्या बाकी सगळ्या गोष्टींत कुठली ना कुठली डेव्हलपमेंट घुसली, या एका जागेला मात्र कायद्याचंच कुंपण आहे. पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक असल्यामुळे शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करायला बंदी. त्यापुढे दोनशे मीटर परवानगीशिवाय काही नाही. आणि या कायद्याने इंग्रजी शब्दांची जी बारीक चाळणी लावली आहे ती बघून माझ्यासारख्याने हात जोडावेत. 'कन्स्ट्रक्शन' वेगळं, 'रिकन्स्ट्रक्शन' वेगळं, 'रिपेअर अँड रिनोव्हेशन' वेगळं, सगळ्यांच्या वेगळ्या व्याख्या. शंभर मीटरच्या आतल्या माणसाला त्याचं जुनं घर असेल तर फक्त शेवटचं मिळतं, तेही अर्ज करून.

समजा, असाच एक गृहस्थ अर्ज घेऊन खिडकीपाशी उभा आहे. पावसाळा तोंडावर. छपराचे चार पत्रे गंजलेले, पलंगावर बादली. आतला बाबू अर्ज उलटसुलट करतो, चष्मा वर करतो आणि विचारतो, यात रिपेअर म्हणायचं तुम्हाला, की रिनोव्हेशन, की रिकन्स्ट्रक्शन? नीट विचार करून सांगा, एकदा लिहिलं की बदलता येत नाही.

"साहेब," तो म्हणतो, "गळतंय."

"ते रकान्यात नाही," बाबू म्हणतो. "पुढे कोण आहे?"